पंधरा की पन्नास? इंग्रजी शब्दात जोर नेमका कुठे द्यायचा

आजचा भाग छोटा आहे, पण कामाचा आहे.

समजा, फोनवर इंटरव्ह्यू चाललाय. समोरची मॅडम पगाराचा आकडा सांगते आणि तुम्हाला कळतच नाही, ती ‘फिफ्टीन’ म्हणाली की ‘फिफ्टी’. ग्रामर पक्कं, शब्द पाठ, तरी 35 हजारांचा घोळ! इथे गडबड असते ती जोराची, म्हणजे स्ट्रेसची.

मराठीत आपण शब्दाचे सगळे तुकडे साधारण सारख्या ताकदीने बोलतो. एखाद्या तुकड्यावर जोर दिला म्हणून शब्दाचा अर्थ बदलत नाही. इंग्रजीचं तसं नाही. तिथे एक तुकडा ठळक, थोडा लांब आणि वरच्या सुरात येतो, आणि बाकीचे बरेचसे पुसट होतात. ऐकणारा तो ठळक तुकडा पकडूनच शब्द ओळखतो. तो चुकला, की समोरून ‘सॉरी?’ ऐकू येतं.

एपिसोडमध्ये मी बोलून दाखवलंय. इथे जोराच्या तुकड्याआधी ˈ अशी छोटी उभी रेघ आहे. डिक्शनरीतही हीच खूण असते.

आधी आकडे. सुटा आकडा बोलताना 50 म्हणजे ˈफिफ्-टी, आणि 15 म्हणजे फिफ्-ˈटीन. पण पुढे ‘थाउजंड’सारखा शब्द आला, की फिफ्टीनचाही जोर बऱ्याचदा पहिल्या तुकड्यावर सरकतो. मग शेवटचा ‘न’ ऐका. तरी शंका असेल, तर सरळ विचारा: ‘वन फाइव्ह की फाइव्ह झीरो?’ यात लाजायचं काही नाही.

दुसरी गोष्ट, नाम आणि क्रियापद. काही दोन तुकड्यांच्या शब्दांत स्पेलिंग एकच, पण जोर वेगळा. ˈरे-कॉर्ड म्हणजे नोंद किंवा विक्रम. रि-ˈकॉर्ड म्हणजे नोंदवणं, रेकॉर्डिंग करणं. ˈप्रे-झंट म्हणजे भेटवस्तू. प्रि-ˈझेंट म्हणजे सादर करणं. मात्र सगळेच शब्द असे नाहीत. ‘व्हिजिट’ आणि ‘आन्सर’ यांत जोर दोन्ही वेळा पहिल्याच तुकड्यावर.

तिसरी गोष्ट, शब्दाची शेपटी बघा. शेवटी ‘शन’, ‘इक’ किंवा ‘इटी’ आलं, की जोर बहुतेक वेळा त्याच्या आधीच्या तुकड्यावर: ए-ज्यु-ˈके-शन, ई-क-ˈनॉ-मिक, अ-ˈबि-लि-टी. अपवाद आहेतच, उदाहरणार्थ ˈपॉ-लि-टिक्स. आणि शेवटी ‘नीअर’ असलेल्या ‘इंजिनीअर’मध्ये जोर शेवटी: एन-जि-ˈनीअर.

आता गंमत बघा. ˈफो-ट-ग्राफ, फ-ˈटॉ-ग्र-फी, फो-ट-ˈग्रॅ-फिक. एकाच घरातले तीन शब्द, पण जोर प्रत्येक वेळी पुढे सरकतोय! म्हणून एक शब्द आला, की त्याची भावंडंही ऐकून घ्यायची.

आपल्याकडे हमखास चुकणारे तीन शब्द: हो-ˈटेल, क-ˈमि-टी आणि डि-ˈव्हे-लप-मंट. आपण तिन्हींत पहिल्याच तुकड्यावर जोर मारतो.

मग सराव कसा करायचा? मोबाइलवर डिक्शनरी उघडा, स्पीकरची खूण दाबा, दोनदा ऐका. मग शब्द न उच्चारता नुसती त्याची चाल गुणगुणा: ‘द-दा-द’. चाल बसली, की शब्द घाला. शेवटी आपलाच आवाज रेकॉर्ड करून ताडून बघा. सुरुवात तुमच्या रोजच्या दहा शब्दांपासून करा: कोर्सचं नाव, विषय, पोस्ट, कामाची जागा. इंटरव्ह्यूत तेच तर बोलायचे असतात!

आणि हो, जोर शिकायचा म्हणजे साहेबासारखं बोलायचं, असं नाही. इंग्रज आणि अमेरिकन लोकांचंही ‘अॅडव्हर्टाइजमेंट’वर एकमत नाही. इंग्रज ‘व्हर’वर जोर देतो, अमेरिकन ‘टाइज’वर. तुमचा मराठी हेल राहू द्या की! आपलं म्हणणं पहिल्याच झटक्यात पोचलं, म्हणजे झालं.

तुमचे दहा शब्द आजच लिहून काढा. भेटू पुढच्या भागात!