नवी शेळी खात नसेल तर

बाजारातून आणलेली शेळी पहिल्या दिवशी चाऱ्याला तोंड लावत नाही. आपल्याला कर्जाच्या हप्त्याची धास्ती वाटते आणि आपण तिच्यापुढे पाटीभर ज्वारी, गहू ठेवतो. धोका तिथेच आहे. शेळीच्या कोटीपोटातले जिवाणू जुन्या चाऱ्याला सरावलेले असतात. एकदम खूप धान्य गेले की ते आंबते, पोटात आम्ल वाढते आणि शेळी दगावूही शकते.

टेम्पोतून आलेली शेळी थकलेली, बिथरलेली असते. आधी सावलीत बांधा, स्वच्छ पाणी द्या, मग वाळलेला चारा. विकणाऱ्याला आधीचा चारा विचारून घ्या. तोच सुरू ठेवून नवा चारा 7 ते 10 दिवसांत थोडा थोडा वाढवा. 2-3 आठवडे तिला घरच्या शेळ्यांपासून लांब बांधा, चारा-पाण्याची भांडीही वेगळी ठेवा. पीपीआर, आंत्रविषाराच्या लसी आणि जंताचे औषध डॉक्टरांना विचारूनच द्या.

शेळी निवांत रवंथ करू लागली, सुट्ट्या लेंड्या टाकू लागली, की ती रुळली समजा. पण पोट फुगले, हगवण लागली किंवा दुसऱ्या दिवशीही ती खाईना, तर लगेच पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.