अस्थिमज्जेतील ठेव

पूर्व आणि ईशान्य भारतातील कर्करोगाच्या असंख्य रुग्णांचा प्रवास कोलकात्याला येऊन थांबतो. सीमेपलीकडच्या बांगलादेशातूनही अनेक कुटुंबे येथे येतात. चित्तरंजन दास यांचे नाव धारण करणाऱ्या येथील कर्करोग रुग्णालयाचे उद्घाटन १९५० मध्ये आयरीन जोलिओ-क्यूरी यांच्या हस्ते झाले. २०११ मध्ये न्यू टाउन भागात टाटा मेडिकल सेंटर उभे राहिले. मुंबईच्या टाटा रुग्णालयात १९८३ मध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी देशातील पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले होते, तर वेल्लोर येथे १९८६ मध्ये डॉ. मॅमेन चांडी यांनी त्या कार्याचा पाया घातला. तेच डॉ. चांडी पुढे कोलकात्याच्या या केंद्राचे संचालक झाले.

अशा रुग्णालयांत एका छोट्या इंजेक्शनचे नाव वारंवार कानी पडते. ते म्हणजे फिल्ग्रास्टिम. रुग्णांचे नातेवाईक त्याला ‘ताकदीचे इंजेक्शन’ म्हणतात. परंतु ते टॉनिक नव्हे. ते कर्करोग बरा करीत नाही, हिमोग्लोबिनही वाढवीत नाही. अस्थिमज्जेला पांढऱ्या पेशी अधिक वेगाने तयार करण्याचा आदेश देणे, एवढेच त्याचे काम.

आदेश देणारे प्रथिन

हा आदेश मुळात शरीराचाच आहे. ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञ डोनाल्ड मेटकाफ यांनी १९६० च्या दशकात उंदरांच्या अस्थिमज्जेतील पेशी प्रयोगशाळेत वाढविल्या. विशिष्ट प्रथिनांच्या प्रभावाने त्या पेशींच्या वसाहती तयार होतात, हे त्या काळातील संशोधनातून उलगडले. त्यांपैकी एका मानवी प्रथिनाचे जनुक १९८६ च्या सुमारास हाती आले. ते साध्या जिवाणूंमध्ये घालून औषध तयार करण्यात आले आणि १९९१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. २००१ मध्ये हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने आपले फिल्ग्रास्टिम भारतीय बाजारात आणले. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या औषधाचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला.

जोखमीचे दिवस

केमोथेरपीची औषधे वेगाने विभागणाऱ्या पेशींवर आघात करतात. त्यात कर्करोगाच्या पेशींबरोबर अस्थिमज्जेतील पेशीही सापडतात. साधारणपणे सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची संख्या सर्वांत खाली येते. रक्ताच्या एका मायक्रोलीटरमध्ये ती ५०० पेक्षा कमी झाली, की एरवी किरकोळ ठरणारा जंतुसंसर्गही जिवावर बेतू शकतो. फिल्ग्रास्टिममुळे हा जोखमीचा काळ कमी होतो. केमोथेरपीनंतर किमान २४ तास उलटल्यावरच ते सुरू करतात. प्रत्येक रुग्णाला त्याची गरज असतेच असे नाही. तो निर्णय तज्ज्ञांचा.

या दिवसांत ताप १००.४ अंश फॅरनहाइटवर गेल्यास घरी तापाची गोळी घेऊन वाट पाहू नये. तडक रुग्णालय गाठावे. दूरच्या गावाहून आलेल्या रुग्णाला डॉक्टर रुग्णालयाजवळ मुक्काम करण्यास सांगतात, त्यामागे हेच कारण असते. इंजेक्शन २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात ठेवावे लागते. ते गोठू देऊ नये आणि जोरात हलवूही नये.

दात्याच्या मनातील शंका

हेच औषध निरोगी दात्यालाही देतात. मूलपेशी एरवी अस्थिमज्जेत घट्ट बिलगून असतात. चार-पाच दिवस रोज इंजेक्शन दिल्यावर त्या सुटून रक्तप्रवाहात येतात. मग एका हातातून रक्त यंत्रात जाते, मूलपेशी वेगळ्या होतात आणि उरलेले रक्त दुसऱ्या हातातून परत येते. चार-पाच तासांचे हे काम कधी दुसऱ्या दिवशीही करावे लागते. त्यासाठी भूल द्यावी लागत नाही, हाडात सुईही टोचावी लागत नाही.

तरीही भाऊ-बहीण दाते म्हणून जुळले की घरात कुजबुज सुरू होते: “याची ताकद कायमची गेली तर?” या भीतीपोटी होकार लांबतो आणि रुग्णाचे मोलाचे दिवस वाया जातात. वस्तुस्थिती वेगळी आहे. बँकेतील ठेव काढली की शिल्लक घटते. अस्थिमज्जेतील ही ठेव मात्र काही आठवड्यांत आपोआप भरून येते. इंजेक्शनाच्या दिवसांत हाडे दुखतात, डोके जड होते, अंग मोडून येते. औषध थांबताच हा त्रास ओसरतो. क्वचित प्लीहेला सूज येते; म्हणून पोटाच्या डाव्या वरच्या बाजूस तीव्र वेदना झाल्यास त्वरित डॉक्टरांना सांगावे. सिकलसेलच्या रुग्णाला हे औषध धोक्याचे ठरू शकते, हे विदर्भातील कुटुंबांनी विशेष ध्यानात ठेवावे.

सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळणी होण्याची शक्यता चारात एक असते. येथे रक्तगटापेक्षा ‘एचएलए’ ही ऊतींची ओळख महत्त्वाची ठरते. घरात दाता न मिळाल्यास २००९ मध्ये स्थापन झालेल्या चेन्नईच्या ‘दात्री’सारख्या नोंदवह्यांकडे वळावे लागते. नावनोंदणीसाठी गालाच्या आतील बाजूस फिरविलेला कापसाचा बोळा पुरतो. उपचार ठरताच दात्याचा खर्च आरोग्य विम्यात समाविष्ट आहे का, हेही लेखी विचारून घ्यावे. मात्र नोंदणी करण्यापूर्वी मनाशी पक्का निर्धार हवा. प्रत्यारोपणाआधी रुग्णाची स्वतःची अस्थिमज्जा तीव्र औषधांनी निकामी करतात. त्यानंतर दात्याने माघार घेतली, तर रुग्णाचे प्राणच धोक्यात येतात.