हेलकाव्यांना लगाम

बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई तालुक्यात, बालाघाटाच्या पठारी प्रदेशात घाटनांदूर हे गाव वसलेले आहे. गावाला रेल्वेस्थानक आहे. परंतु बाजाराला जायचे असो की दवाखान्यात, लोकांची पुष्कळशी ये-जा सडकेनेच चालते. या भागात काळ्या मातीची जमीन बरीच आहे. पावसाळ्यात पाणी पिऊन ही माती फुगते. उन्हाळ्यात ती आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. रस्त्याखालची भूमीच अशी हलत राहिल्यावर वरचा डांबरी थर सपाट कसा राहील? तो कोठे खचतो, तर कोठे उचलला जातो. अशा सडकेवरून धावणाऱ्या वाहनाला धक्के बसणे अपरिहार्यच असते.

बैलगाडीला कमानी नसतात. तिच्या चाकाखाली लहानसा खडा आला, तरी त्याची वार्ता गाडीत बसलेल्याच्या पाठीच्या कण्यापर्यंत पोहोचते. टांग्याला मात्र पोलादी कमानी असतात. चाक खड्ड्यात गेले की कमान वाकते आणि धक्का स्वतःकडे घेते. मोटारीतही हीच योजना असते. कोठे एकावर एक रचलेले पोलादी पाटे असतात, तर कोठे पिळदार स्प्रिंग. गाडीचा सारा भार यांच्यावरच तोललेला असतो.

परंतु कमानीच्या अंगी एक खोड आहे. ती धक्का घेते खरी, पण तो पचवीत नाही. वाकताना तिने साठवलेली शक्ती ती लगेच परत देते. त्यामुळे गाडी वर उसळते, पुन्हा खाली जाते, पुन्हा वर येते. झोका एकदा ढकलून सोडून द्यावा आणि तो कितीतरी वेळ हलत राहावा, तसाच हा प्रकार. या हेलकाव्यांना आवर घालण्यासाठी प्रत्येक चाकाजवळ जे साधन बसवलेले असते, त्याला धक्काशोषक असे नाव आहे. गॅरेजमधले मिस्त्री त्यालाच ‘शॉकअप’ म्हणतात. खरे पाहता धक्का घेण्याचे काम कमानीचे. धक्काशोषकाचे काम तिला वेळीच थांबवण्याचे. म्हणजे नाव एकाचे आणि काम दुसऱ्याचे, असेच येथे झाले आहे.

हे थांबवणे कसे घडते, हे एका सोप्या प्रयोगाने ध्यानात येते. रबराच्या पट्टीला एक दगड बांधून तो टांगावा व थोडा खाली ओढून सोडावा. तो बराच वेळ वरखाली नाचत राहतो. आता तोच दगड पाण्याने भरलेल्या बादलीत बुडेल असा टांगून पुन्हा ओढून सोडावा. या खेपेला तो लवकर शांत होतो. कारण प्रत्येक हालचालीत त्याला पाणी बाजूला सारावे लागते आणि त्यात त्याची शक्ती खर्च होते.

धक्काशोषकात पाण्याऐवजी तेल असते. एका बंद नळीत तेल भरलेले असते व त्यात एक दट्ट्या वरखाली सरकतो. दट्ट्याला बारीक छिद्रे आणि झडपा असतात. चाक हलले की दट्ट्या हलतो आणि तेलाला त्या अरुंद वाटेने जावे लागते. तेल जितक्या वेगाने ढकलावे, तितका त्याचा विरोध वाढतो. या झटापटीत हेलकाव्याची शक्ती उष्णतेत रूपांतरित होते आणि ती उष्णता नळीच्या पत्र्यातून बाहेरच्या हवेत निघून जाते. म्हणूनच खराब रस्त्यावरून दूरवर आलेल्या गाडीचे धक्काशोषक हाताला गरम लागतात.

धक्काशोषक निकामी झाला, तर केवळ प्रवाशांना त्रास होतो, असे समजणे ही मोठी चूक ठरेल. चाक जमिनीला चिकटून असेल, तोपर्यंतच ब्रेक लागतो आणि तोपर्यंतच गाडी वळते. उसळणारे चाक क्षणभर जमीन सोडते आणि त्या क्षणी चालकाच्या हाती काहीच उरत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. सेकंदाचा दहावा भाग चाक अधांतरी राहिले, तरी तेवढ्यात गाडी दीड मीटरहून पुढे गेलेली असते. एखाद्या रुग्णाला अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तातडीने न्यायचे असावे, समोर अचानक गुरांचा कळप यावा आणि चाके उसळत असावीत, म्हणजे या लहानशा नळीची किंमत काय, हे तेव्हा कळते.

जुन्या गाड्यांमध्ये महाराष्ट्राला विशेष परिचित अशी गाडी म्हणजे ‘प्रीमिअर पद्मिनी’. सोलापूरला जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली. इटलीच्या फियाट कंपनीच्या आराखड्यावरून तिने मुंबईत कुर्ल्याला मोटारी तयार केल्या. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींमध्ये ही गाडी दीर्घकाळ धावली. तेथील अखेरची पद्मिनी टॅक्सी २०२३ साली सेवेतून निवृत्त झाली. धक्काशोषकही पुढे आपल्याकडेच बनू लागले. गॅब्रिएल इंडिया ही ते बनवणारी कंपनी १९६१ साली मुंबईत सुरू झाली. पद्मिनीसारख्या गाड्या काही हौशी कुटुंबांनी आजही प्रेमाने जपल्या आहेत. अशा गाडीचे धक्काशोषक बदलताना ज्ञान आणि सावधपणा या दोहोंची गरज असते.

प्रथम रोगाचे निदान करावे. गाडीचा एक कोपरा हातांनी जोराने दाबून सोडावा. तो वर येऊन चटकन स्थिरावला तर ठीक. दोनतीनदा डोलत राहिला, तर धक्काशोषक थकला आहे असे समजावे. नळीवर तेलाचा ओघळ दिसला आणि त्यावर धूळ थापली गेली असली, तर तेल गळत आहे हे निश्चित. टायर एकसारखा न झिजता जागोजाग खोलगट झिजला असेल, तर तीही एक खूण होय. मात्र गाडी एका बाजूस कलंडली असेल, तर दोष धक्काशोषकाला देऊ नये. भार कमान उचलते, तेव्हा तेथे कमानच तपासली पाहिजे.

निवड करताना केवळ गाडीचे नाव सांगून भागत नाही. कोणत्या सालची गाडी, पुढचा धक्काशोषक की मागचा, हे सांगावे लागते. जुना नमुना बरोबर नेऊन नव्याशी ताडून पाहणे उत्तम. पूर्ण मिटल्यावरची आणि पूर्ण ताणल्यावरची अशा दोन्ही लांब्या जुळल्या पाहिजेत. आखूड असेल, तर चाक खाली जाताना तो ओढला जाऊन तुटतो. लांब असेल, तर मोठ्या खड्ड्यात दट्ट्या तळावर आदळतो. टोकांची घडणही सारखीच हवी. काहींना गाडी फार ताठ झाली म्हणजे ती मजबूत झाली असे वाटते. परंतु अतिकठीण धक्काशोषक लावल्यास चाक खड्ड्यातून झटकन वरखाली होऊ शकत नाही आणि प्रत्येक धक्का थेट सांगाड्याला पोहोचतो. एका आसावरील दोन्ही धक्काशोषक नेहमी एकदमच बदलावेत. एक नवा व एक थकलेला असला, म्हणजे एक बैल तरणा आणि एक म्हातारा अशी जोडी जुंपल्यासारखे होते.

मागचे धक्काशोषक बसवताना गाडी सपाट व कठीण जागी उभी करावी. मागची बाजू उचलायची असल्यामुळे हातब्रेकवर विसंबून चालत नाही. तो सामान्यतः मागच्याच चाकांना लागतो. म्हणून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावेत. जॅकने गाडी उचलावी. पण नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली कोणीही कधीही जाऊ नये. भक्कम लोखंडी घोड्यांवर गाडी टेकवावी आणि आस खाली लोंबू नये म्हणून त्यालाही आधार द्यावा. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्रीच पातळ तेल सोडले, तर सकाळी पान्याला त्रास कमी पडतो.

नवा धक्काशोषक कधी कधी आडवा पडून असतो व त्यात हवा शिरलेली असते. तो गाडीवर जसा बसायचा तसाच उभा धरून चारपाच वेळा पूर्ण दाबावा व पूर्ण ताणावा. म्हणजे हवा योग्य जागी जाते आणि हाताला एकसारखा विरोध जाणवू लागतो. टोकांचे रबरी बुशही नवे घालावेत. नट प्रथम सैलसर लावावेत. टोकांना बुश घातलेली कडी असेल, तर गाडीचा भार चाकांवर आल्यानंतरच नट शेवटचे आवळावेत. अधांतरी असताना आवळल्यास रबर कायमचे पिळलेले राहते व लवकर फाटते. पुढच्या चाकांजवळची पिळदार स्प्रिंग मात्र दाबलेल्या शक्तीने भरलेली असते. ती सोडवण्याचे काम योग्य हत्यारे असलेल्या जाणत्या मिस्त्रीवरच सोपवावे.

काम संपल्यावर गाडी सावकाश चालवून पाहावी. खडखडाट ऐकू येतो का, हे लक्षपूर्वक ऐकावे आणि काही दिवसांनी नट पुन्हा तपासावेत. रस्ते तेच असतात, खड्डेही तेच असतात. फरक एवढाच, की आता धक्का बसला तरी गाडी क्षणात सावरते आणि चाके आपली जमीन सोडत नाहीत. प्रवासात धक्के टाळणे नेहमीच आपल्या हाती नसते. त्यानंतर लवकर सावरता येईल, एवढी सिद्धता मात्र निघण्यापूर्वीच करून ठेवता येते.