जुने सिनेमे पुण्यात आहेत ना!

जुन्या सिनेमांवर बोलायला मला अधूनमधून बोलावणं येतं. कधी वाचनालय, कधी ज्येष्ठ नागरिक संघ, कधी एखादी शाळा. भाषण संपून चहा आला की हमखास एखादे गृहस्थ जवळ येतात आणि म्हणतात, ‘‘तुम्ही ‘आलम आरा’बद्दल बोललात, पण मी तो पाहिलाय बरं का. आमच्या गावच्या थिएटरात.’’ मी त्यांच्याकडे बघतो. वय फार तर पंच्याहत्तर. ‘आलम आरा’ हा आपला पहिला बोलपट मुंबईत गिरगावातल्या मॅजेस्टिक सिनेमात लागला तो १४ मार्च १९३१ रोजी!

बरं, गृहस्थ खोटं बोलत नसतात. नानूभाई वकील यांनी याच नावाचा चित्रपट पुढे दोनदा केला, १९५६ मध्ये आणि पुन्हा १९७३ मध्ये. त्यातला एखादा त्यांनी पाहिलेला असतो. नाव तेच, कथा तीच, मग मनात तारखांची सरमिसळ व्हायला कितीसा वेळ लागतो? अर्देशीर इराणींचा तो मूळ ‘आलम आरा’ मात्र आज जगात कुठेही नाही. काही छायाचित्रं आहेत, जाहिराती आहेत. मास्टर विठ्ठल आणि झुबेदा यांचे चेहरे आपल्याला ठाऊक आहेत ते त्या छायाचित्रांमुळे. पडद्यावर हलणारी, बोलणारी एक फूटभर पट्टीही हाती नाही.

हे सांगितलं की दुसरे कुणीतरी म्हणतात, ‘‘हो, हो, पुण्याच्या आगीत गेला तो.’’ हा दुसरा समज. पुण्यात आग लागली होती, हे खरं. जानेवारी २००३ मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या, म्हणजे जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारातल्या एका कोठीला आग लागली आणि तिथे ठेवलेली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची कित्येक जुनी रिळं जळाली. नुकसान मोठं होतं. पण ‘आलम आरा’ त्यात नव्हता. पी. के. नायर १९६५ मध्ये या संग्रहालयात आले आणि १९९१ मध्ये निवृत्त होईपर्यंत देशभर हिंडून त्यांनी रिळं गोळा केली. त्यांनीच स्पष्ट केलं होतं, की हा चित्रपट संग्रहालयात कधी आलाच नाही. इराणींच्या घरी चौकशी केली तेव्हा त्यांना कळलं ते असं, की रिळं चांदीसाठी केव्हाच देऊन टाकली होती.

चांदीसाठी, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटतं. कृष्णधवल फिल्मवर जे चित्र उमटतं ते चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचं असतं. दोन तासांचा बोलपट म्हणजे जवळजवळ अकरा हजार फूट पट्टी, तीन किलोमीटरहूनही लांब. एवढ्या पट्टीवरची चांदी धुऊन काढली की चार पैसे सुटत. चित्रपट एकदा गावोगावी फिरून आला, पुन्हा कुणी विचारीनासं झालं, की त्या डब्यांची किंमत तेवढीच उरे. शिवाय करार संपला की प्रिंट नष्ट करायची, ही वितरणाच्या धंद्यातली रीतच होती. न केली तर कुणीतरी परस्पर खेळ लावील ही भीती. आपल्या लहानपणी जत्रेत फिल्मचे तुकडे विकायला असायचे, आठवतं? डोळ्याला लावायच्या खेळण्यात घालून आपण ते बघायचो. तेही कुठल्या तरी सिनेमाचेच अवशेष होते.

तेव्हा आगीवर सगळं खापर फोडू नये. आग ही दिसते, वर्तमानपत्रात येते. चांदीवाला आणि भंगारवाला दिसत नाहीत.

आगीची भीती अनाठायी होती असं मात्र नाही. साधारण १९५० पर्यंतची पस्तीस मिलिमीटर फिल्म नायट्रेटची असे. सुरुंगाला वापरतात त्या नायट्रेट कापसाची ही सख्खी बहीण. पेटली की जळायला लागणारा प्राणवायू ती स्वतःच पुरवते, त्यामुळे पाण्यात बुडवली तरी विझत नाही. म्हणून पुढे ॲसिटेटची फिल्म आली आणि तिला नावच पडलं ‘सेफ्टी फिल्म’. या नावानं फार घात केला. ती पेटत नाही एवढाच त्या सुरक्षिततेचा अर्थ. उष्ण आणि दमट हवेत ती आतून कुजते. डबा उघडला की व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, पट्टी आक्रसते, वाकडीतिकडी होते आणि शेवटी प्रोजेक्टरच्या दातांवर बसतच नाही. एका डब्यातून सुटणारं आम्ल शेजारच्या डब्यालाही बिघडवतं. आपल्याकडचं कोकणातलं नाहीतर मुंबईतलं हवामान डोळ्यांपुढे आणा, म्हणजे मी काय म्हणतो ते लक्षात येईल.

आता ‘राजा हरिश्चंद्र’. दादासाहेब फाळके यांचा हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात लोकांसाठी लागला. त्याआधी वर्षभर, १९१२ च्या मे महिन्यात, दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ त्याच थिएटरात लागला होता. पहिला कोण, यावर आपल्याकडे अजून वाद झडतात. ते नाटकाचं चित्रण होतं, कॅमेरा साहेबाच्या हातात होता, वगैरे. मला त्या वादात फारसा रस नाही, कारण ज्यावर वाद चालतो त्या ‘पुंडलिक’ची एक चौकटही कुणी बघू शकत नाही. आणि ‘हरिश्चंद्र’ची? मूळ चित्रपट चार रिळांचा. संग्रहालयाला मिळालं ते पहिलं आणि शेवटचं रीळ. आपण दूरदर्शनवर, आता मोबाइलवर, डोंबांघरचा राजा आणि तारामती झालेले अण्णा साळुंके बघून हात जोडतो, ते याच रिळांतून. पण ही रिळं तरी १९१३ ची आहेत का? फाळक्यांनी हीच कथा १९१७ मध्ये पुन्हा चित्रित केली होती. आज आपल्या हाती आहे ते या दुसऱ्या खेपेचं चित्रण असावं, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. म्हणजे आपण ज्याला पहिला म्हणून नमस्कार करतो, तो बहुधा त्याचा धाकटा भाऊ आहे.

आणखी एक बारीकशी गोष्ट, जाता जाता. मूकपटातली माणसं तुरुतुरु, झटके दिल्यासारखी चालतात आणि मुलं हसतात. त्या काळी ती तशी दिसत नव्हती. कॅमेरा हातानं फिरवत, सेकंदाला सोळाच्या आसपास चौकटी. बोलपटाचा प्रोजेक्टर चालतो चोविसांनी. जुनी पट्टी नव्या यंत्रावर चढवली की हरिश्चंद्रसुद्धा लोकल पकडायला निघाल्यासारखा दिसतो. आणि ‘मूक’ म्हणतात ते तरी काय? पडद्यापाशी पेटी-तबला चालू असायचा, कुणी मोठ्यानं पाट्या वाचून दाखवायचं. त्या काळात आपल्या देशात तेराशेच्या वर मूकपट झाले. आज त्यांतले तीसेक उरले असतील, आणि त्यातही बरेचसे तुकड्यातुकड्यांनी. बाबूराव पेंटरांचा १९२५ चा ‘सावकारी पाश’, ज्यात तरुण शांतारामबापूंनी शेतकऱ्याचं काम केलं, त्याची आपण पुस्तकांतून वाहवा वाचतो. बघता येत नाही.

इथवर मी लोकांचे समज सांगितले. आता माझा सांगतो.

१९८० च्या दशकात सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात आम्ही चार-पाच जणांनी फिल्म सोसायटी काढली होती. पुण्याच्या संग्रहालयातून सोळा मिलिमीटरच्या प्रिंट मिळायच्या. मी एसटीनं पुण्याला जायचो, लॉ कॉलेज रस्त्यावरून डबे घ्यायचो आणि मांडीवर घेऊन परत यायचो. प्रभातचा ‘संत तुकाराम’ आम्ही असाच आणून दाखवला. १९३६ चा चित्रपट, पण पागनीसांच्या तुकोबापुढे सगळं सभागृह चिडीचूप. (त्यातलं बीजावरचं ते प्रसिद्ध गाणं तुकोबांचा अभंग आहे, हाही एक पक्का समज. ते शांताराम आठवले यांचं. पण तो विषय वेगळा.) या फेऱ्यांमुळे माझ्या मनात एक गोष्ट घट्ट बसली होती: जुने सिनेमे पुण्यात आहेत. काही हवं असलं की एसटी पकडायची.

आमच्या गल्लीत एक काकू राहायच्या. त्यांच्या यजमानांचा तंबूतला सिनेमा होता. पुसेगावची यात्रा, पालीच्या खंडोबाची यात्रा, म्हसवड, असा त्यांचा फिरता मुक्काम असे. ते वारले, तंबू विकला गेला, पण माळ्यावर पत्र्याचे काही डबे राहिले. १९९६ मध्ये काकूंनी घराचं छप्पर बदलायला काढलं आणि मला हाक मारली. ‘‘अरे, तू त्या सिनेमावाल्यांच्यात असतोस ना? बघ जरा, ह्याचं काय करायचं.’’

मी वर चढलो. सात डबे होते. एक उघडला, तर पट्टी बरी दिसली, थोडी चिकटलेली. उजेडाकडे धरली तर नऊवारीतली एक बाई दारात उभी, तीच ती, चौकटीमागून चौकट. चेहरा ओळखीचा नव्हता. डब्यांवरचे कागद उंदरांनी खाल्ले होते. कामाच्या गडबडीत होतो मी. खाली उतरून हात झटकले आणि म्हणालो, ‘‘काकू, काळजी करू नका. मराठीच आहे. हे सगळं पुण्यात असतं.’’

पंधरा दिवसांनी गेलो तेव्हा माळा रिकामा होता. भंगारवाल्यानं डब्यांचे पत्र्याच्या भावानं पैसे दिले होते, आतल्या पट्टीचे वेगळे नाहीत. काकूंना मी काय बोलणार? सल्ला माझाच होता.

नंतर मी संग्रहालयात विचारत राहिलो आणि तेव्हा कुठे मला कळलं, की पुण्यात ‘सगळं’ असायचं काही कारणच नव्हतं. संग्रहालय स्थापन झालं १९६४ मध्ये. म्हणजे ‘राजा हरिश्चंद्र’नंतर एक्कावन्न वर्षांनी आणि प्रभात बंद पडल्यावरही अकरा वर्षांनी. तोवर जे जायचं ते जाऊन चुकलं होतं. शिवाय पुस्तक छापलं की त्याच्या प्रती ठरावीक ग्रंथालयांना द्याव्या लागतात, तसा चित्रपटाची प्रत संग्रहालयाला देण्याचा कायदा नायरांच्या सगळ्या कारकिर्दीत नव्हता. निर्मात्यानं आपण होऊन दिली तर दिली. नाहीतर नायरांसारख्या माणसानं कुणाच्या गोठ्यात, कुणाच्या माळ्यावर जाऊन शोधावी. फाळक्यांचा १९१९ चा ‘कालिया मर्दन’, ज्यात त्यांची छोटी मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली आहे, तो आज बराचसा बघता येतो, ही अशा शोधाशोधीची कमाई. हे सगळं पाहायचं असेल तर शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांचा नायरांवरचा २०१२ चा ‘सेल्युलॉइड मॅन’ हा माहितीपट जरूर मिळवून बघा.

हल्ली मला वेगळं उत्तर ऐकायला मिळतं. ‘‘आता काय, सगळं नेटवर आहे.’’ नेटवर असतं ते बहुतेक वेळा टीव्हीवरून टेप केलेलं, कडा कापलेलं, तिसऱ्या-चौथ्या हाताचं. त्यावरून चित्रपट पुन्हा उभा करता येत नाही. त्याला निगेटिव्ह लागते, ती नसेल तर चांगली प्रिंट लागते. श्याम बेनेगल यांचा १९७६ चा ‘मंथन’ नव्यानं दुरुस्त करून २०२४ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला. शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये काढून उभा केलेला, स्मिता पाटीलचा हा चित्रपट काही फार जुना नव्हे. तरी त्याची निगेटिव्ह जागोजाग खराब झालेली होती आणि आवाज एका जुन्या प्रिंटवरून घ्यावा लागला. ती प्रिंट कुणी जपली नसती तर? दोन तासांच्या चित्रपटात पावणेदोन लाखांच्या आसपास चौकटी असतात. त्या एकेक तपासायच्या म्हणजे काय काम आहे याची कल्पना करा. २०२२ मध्ये सरकारनं सुमारे बावीसशे चित्रपटांच्या दुरुस्तीचा प्रकल्प जाहीर केला, हे चांगलंच झालं. पण दुरुस्ती होते ती असलेल्या वस्तूची.

म्हणून आता भाषणाच्या शेवटी मी लोकांना विचारतो, कुणाच्या घरी, कुणाच्या बंद पडलेल्या थिएटरात असे गोल पत्र्याचे डबे आहेत का? असतील तर पत्र्याच्या छपराखालून खाली आणा, चुलीपासून, उन्हापासून लांब ठेवा. उलगडून बघण्याचा मोह आवरा, चिकटलेली पट्टी ओढली की चित्र सुटून येतं. डब्यावरचा कागद कितीही फाटका असला तरी फेकू नका. आणि वास घ्या. आंबूस आला तर वेळ थोडा उरलाय असं समजा आणि पुण्याला फोन करा. नायट्रेट असेल तर एसटीत घालून नेऊ नका, संग्रहालयाच्या माणसांनाच विचारा.

दोन-तीन ठिकाणी काही निघालंही. एकीकडे जाहिरातपट निघाले, एकीकडे लग्नाची आठ मिलिमीटर फिल्म. तीही मी पाठवायला सांगितली.

काकू गेल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या सुनेनं घर आवरताना मला एक डबा आणून दिला. सातापैकी एक भंगारात गेला नव्हता. काकूंनी तो धुऊनपुसून देवघरात ठेवला होता, वातींसाठी. झाकणाच्या आतल्या बाजूला रंगानं लिहिलेला आकडा अजून वाचता येतो: रीळ ६.