उकिरडा रिकामा होतो, मग डेपो का नाही?

मुलांनो, ‘उकिरडा’ म्हटलं की तुम्ही लगेच नाक मुरडता, हो ना? पण जरा आजोबांना विचारून पाहा. खानदेशातल्या शेतकऱ्याचा उकिरडा म्हणजे त्याची बँकच होती! गुरांचं शेण, गोठ्यातली उष्टी वैरण, चुलीतली राख, भाजीची देठं, सगळं त्या खड्ड्यात जायचं आणि वर्षभर कुजायचं. मग आखाजीच्या सुमारास, पाऊस पडण्याआधी, गाड्या भरभरून ते खत कपाशीच्या शेतात पडायचं. शेतातून आलेलं शेतात परत! म्हणून तो खड्डा दर वर्षी रिकामा व्हायचा.

आता शहराचा उकिरडा पाहू. २०११ च्या जनगणनेत जळगाव शहरात साडेचार लाखांहून जास्त आणि धुळ्यात सुमारे पावणेचार लाख माणसं होती. एवढ्या घरांचा कचरा वर्षानुवर्षं जळगावात आव्हाणे शिवारात आणि धुळ्यात वरखेडीच्या बाजूला नेऊन टाकला गेला. गंमत म्हणजे आपल्या शहरांच्या कचऱ्यातही जवळजवळ निम्मा भाग केळीची सालं, भाजीपाला, खरकटं असाच असतो. म्हणजे खताचा माल! मग हा ढीग रिकामा का होत नाही?

कारण आपण खरकटं पिशवीत घालतो, गाठ मारतो आणि फेकतो. त्यातच काच, जुने सेल, गोळ्यांची पाकिटं. पिशवीत हवा जात नाही. हवा नसली की कुजताना मिथेन वायू तयार होतो. गोबर गॅसच्या टाकीतही हाच वायू असतो. तिथं त्यावर आईचा स्वयंपाक होतो. ढिगात मात्र तो पेट घेतो आणि दिवसचे दिवस धूर निघत राहतो. पावसाळ्यात ढिगातून काळं पाणी झिरपतं. ते जमिनीत उतरलं, तर जवळच्या विहिरीपर्यंत पोचू शकतं. आणि आपल्या भागात शहर जिथं संपतं, तिथं कुणाचं तरी शेत सुरू होतं, बरं का!

यासाठी नियम नाहीत का? आहेत. बंगळुरूजवळ राहणाऱ्या अल्मित्रा पटेल या इंजिनिअर बाईंनी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, की शहरांचा कचरा असा उघड्यावर टाकू देऊ नका. त्यानंतर २००० साली देशभरासाठी नियम झाले आणि २०१६ साली ते आणखी कडक झाले. २०१६ च्या नियमांनी सांगितलं, की कचरा पुरायचा खड्डा नदीपासून १०० मीटर आणि तळं, वस्ती, पिण्याच्या पाण्याची विहीर यांपासून २०० मीटर दूर हवा. तळाशी ९० सेंटिमीटर चिकणमातीचा थर, त्यावर दीड मिलिमीटर जाडीची प्लास्टिकची चादर हवी. खड्डा भरून बंद केल्यावरही निदान १५ वर्षं त्यावर लक्ष ठेवायचं. म्हणजे आज पाचवीत असलेला मुलगा नोकरीला लागेल तोपर्यंत!

पण सगळ्यांत महत्त्वाचा नियम वेगळाच आहे. ज्याचं खत होत नाही, जे पुन्हा वापरता येत नाही आणि जे इंधन म्हणूनही चालत नाही, तेवढंच पुरायचं. बाकीचं खड्ड्यात जाताच कामा नये.

खत करण्यात तर आपला शेतकरी हुशारच. सर आल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला कंपोस्टची पद्धत बसवली, ती शेतकऱ्यांकडून शिकतच. पऱ्हाट्या टणक, लवकर कुजत नाहीत. म्हणून त्या रस्त्यावर पसरायच्या आणि गाड्यांच्या चाकांखाली चुरायच्या! आपल्या पुसदचे नारायण देवतराव पांढरीपांडे यांची ‘नाडेप’ पद्धत तर प्रसिद्धच आहे. विटांच्या जाळीदार टाकीत सुमारे १०० किलो शेण आणि १४०० ते १५०० किलो काडीकचरा मातीसह रचायचा. तीन-चार महिन्यांत खत तयार.

मग शहराच्या कचऱ्याचं खत शेतकऱ्यानं का घेऊ नये? आनंदानं घेईल! पण त्यात काचेचा तुकडा निघाला तर? पिशवीच्या चिंध्या निघाल्या तर? अनवाणी पायानं शेतात चालणाऱ्याला कोण भरवसा देणार? हा भरवसा डेपोवर तयार होत नाही, तो आपल्या स्वयंपाकघरात तयार होतो. ओला कचरा एकीकडे, सुका दुसरीकडे, सेल आणि औषधं तिसरीकडे. काम एवढंच आहे.

आणि हो, आता शेतातही प्लास्टिक आलं आहे. ठिबकच्या जुन्या नळ्या, मल्चिंगचा कागद, केळीच्या घडावरच्या पिशव्या. बाबांना सांगा, ते बांधावर जाळू नका, नांगरून मातीत गाडू नका. गोळा करून भंगारवाल्याला द्या. नाहीतर शेतकऱ्याचा उकिरडाही शहरासारखाच होईल.

करून पाहा : एका जुन्या कुंडीत मातीखाली केळीचं साल, वहीचा कागद, सुती चिंधी आणि पिशवीचा तुकडा पुरा. माती ओलसर ठेवा. दोन महिन्यांनी उकरा. काय उरलं, काय मातीत मिसळलं, ते वहीत लिहा. आणि मग घरातली कचऱ्याची बादली एकदा उघडून बघा. तिच्यातलं किती खड्ड्यात जायला हवं?