परसबागेतील औषधी व पथ्यशाक : स्थानिक बीजाचा शोध

द्रव्यसंग्रहाच्या विवेचनात संहिताकारांनी भूमीच्या परीक्षेला मोठे स्थान दिले आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात भूमिप्रविभागीय हा स्वतंत्र अध्याय आहे. चरकाचार्यांनीही कल्पस्थानाच्या पहिल्याच अध्यायात जांगल, आनूप व साधारण देशांची लक्षणे सांगून मग द्रव्यग्रहणाचा विधी विशद केला आहे. आजचा वैद्य मात्र रोपवाटिकेत गेला की केवळ नाव विचारतो. 'अश्वगंधा आहे का? कालमेघ आहे का?' असे विचारून पाकीट घेतो व घरी येतो. ते बीज कोणत्या मातीतले, किती पावसाच्या प्रदेशातले, किती जुने, हा प्रश्न बहुधा मनातच येत नाही. प्रस्तुत लेखात कोकण व सह्याद्रीच्या पायथ्याचा प्रदेश डोळ्यांसमोर ठेवून, दवाखान्याच्या वा औषधनिर्माणशाळेच्या परसात लावावयाच्या वनस्पतींसाठी स्थानिक बीज कसे शोधावे, कसे पारखावे व कसे राखावे, याचा विचार केला आहे.

प्रथम स्थानिक बीज म्हणजे काय, ते पाहू. केवळ गावच्या दुकानात मिळालेले बीज स्थानिक नव्हे. त्याच हवामानात अनेक पिढ्या पेरले गेलेले, आणि दरवर्षी तेथे तग धरलेल्या झाडांवरून निवडून ठेवलेले, ते स्थानिक. कोकणात वर्षाला अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश चार महिन्यांतच कोसळतो. घाट ओलांडून पूर्वेला गेले की हाच आकडा पाचशे-सहाशेवर येतो. या दोन प्रदेशांतील एकाच जातीच्या पडवळाची सहनशक्ती सारखी असणे शक्य नाही. पाकिटावर 'संकरित' किंवा 'एफ-१' असे छापलेले असेल, तर त्या झाडाचे बी धरून उपयोग नाही. पुढील पिढीत गुण फुटतात व एकसारखी झाडे मिळत नाहीत. 'सुधारित' वाणाचे तसे नाही. त्याचे बी धरता येते.

दिवसमानाचाही विचार करावा लागतो. आपल्याकडील वाल, पावटा व वेली घेवड्याचे जुने वाण दिवस लहान होऊ लागल्याखेरीज फुलावर येत नाहीत. जूनमध्ये मांडवावर चढविलेला घेवडा चार महिने नुसता पाला वाढवतो. अशा वेळी पुष्कळजण 'बी वाईट निघाले' म्हणून वेल उपटून टाकतात. वास्तविक कार्तिकात तोच वेल शेंगांनी लगडतो. भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर वाल पेरण्याची कोकणातील पद्धत याच स्वभावावर उभी आहे.

आता अश्वगंधेचे उदाहरण घेऊ, कारण त्यात स्थानिकतेची मर्यादाही दिसते. व्यापारातील अश्वगंधा मुख्यतः मध्य प्रदेशातील नीमच-मंदसौर भागातून येते. तेथे पावसाळ्याच्या उत्तरार्धात पेरणी होते व हिवाळ्याच्या अखेरीस मुळे काढतात. तेच बी कोकणात मृगावर पेरले, तर साचलेल्या ओलीने मूळ कुजते. ज्यांना कोकणात ती लावावयाचीच आहे, त्यांनी पाऊस ओसरल्यावर, निचऱ्याच्या उंच वाफ्यावर पेरावी. आता कोणी म्हणेल की, देशावर माळरानात, गावकुसाला आस्कंद आपोआप उगवते, तिचे बी आणावे. ते बी येथे जास्त काटक ठरेलही. परंतु रानटी आस्कंदाचे झाड झुडपासारखे मोठे, व मूळ काष्ठमय, तंतुमय असते. लागवडीच्या वाणाचे मूळ मांसल व पिष्टयुक्त असते आणि चूर्णासाठी बाजार तेच मागतो. तेव्हा झाड जगणे आणि औषध म्हणून उतरणे, या दोन गोष्टी वेगळ्या समजाव्यात. माझे स्वतःचे मत असे की, कोकणातील वैद्याने अश्वगंधा दर्शनी कुंडीपुरती ठेवावी व औषधासाठी जांगल देशातूनच आणावी.

आता, या लेखाचे मुख्य कारण असलेला विषय.

कल्पस्थानातील वामक द्रव्यांत जीमूतक, इक्ष्वाकु, धामार्गव व कृतवेधन ही चारही कोशातकी-तुंबी वर्गातील आहेत. इक्ष्वाकु म्हणजे कडू भोपळा; आपण रोज्यांना पथ्य म्हणून सांगतो त्या दुधीचीच ही कडू जात. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने दोहोंची जाती एकच. तसेच कडू दोडका व भाजीचा दोडका यांचे. पंचकर्म करणारे काही वैद्य परसात कडू भोपळ्याचा वेल हौसेने व उपयोगासाठी लावतात आणि शेजारच्याच मांडवावर दुधी असतो. भुंगे व पतंग या वेलावरून त्या वेलावर जातात. त्या वर्षीचा दुधी गोडच राहतो, कारण फळाचा गर हा मातृवेलाचा असतो. परागाचा परिणाम आतल्या बीजात होतो. असे बी धरून पुढील वर्षी पेरले, की दिसायला हुबेहूब दुधी, परंतु कडू फळ येते. कडूपणा हा सामान्यतः प्रभावी गुण असल्याने तो लगेच पुढच्या पिढीत प्रकट होतो.

हा धोका केवळ काल्पनिक नाही. कडू दुधीच्या रसाने तीव्र उदरशूल, छर्दी, अतिसार, रक्तवमन व रक्तदाब कोसळणे अशी लक्षणे होऊन मृत्यूही घडले आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने नेमलेल्या तज्ज्ञ समितीचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. रस काढण्यापूर्वी दुधीचा लहानसा तुकडा चाखावा, कडू लागल्यास रस मुळीच घेऊ नये, आणि दुधीच्या रसात अन्य रस मिसळू नये, असे त्यात सांगितले आहे. मिसळलेल्या रसाने कडू चव झाकली जाते, हे उघड आहे. विषास कारण होणाऱ्या कुकुर्बिटासिन या द्रव्यांवर विशिष्ट प्रतिविष उपलब्ध नाही. 'कडू ते औषधी' अशी समजूत असलेल्या रोग्याला ही गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगणे आपल्याकडेच येते.

म्हणून ज्यांच्या परसात इक्ष्वाकु आहे, त्यांनी आपल्या दुधीचे बी धरू नये, व शेजाऱ्यालाही देऊ नये. प्रमाणित बीजोत्पादनात भोपळावर्गीय पिकांसाठी सुमारे अर्धा किलोमीटर अंतर राखले जाते. परसबागेत ते कोठून आणावयाचे? त्यावर हस्तपरागण हा उपाय आहे. दुधीचे पांढरे फूल सायंकाळी उमलते. त्याच दिवशी दुपारी, उद्या-परवा नव्हे तर आजच उमलणार अशा मादी कळ्या (ज्यांच्या देठाशी लहान फळ असते) आणि नर कळ्या ओळखून त्यांची टोके दोऱ्याने हलकेच बांधावीत. सायंकाळी दोन्ही सोडून नरफुलाचे पराग मादीफुलाच्या कुक्षीवर लावावेत व मादीफूल पुन्हा बांधावे. त्या फळाच्या देठाला रंगीत धागा बांधून ठेवावा आणि केवळ त्याचेच बी धरावे. दोडक्याचे फूलही सायंकाळचे. घोसाळ्याचे मात्र सकाळचे, हे लक्षात ठेवावे. बियांसाठीचे फळ वेलावर पूर्ण वाळू द्यावे. जुन्या घरांत दुधीचे बी त्या वाळक्या भोपळ्यातच राखून तो चुलीवरच्या आढ्याला टांगीत, त्यामागे धूर व उष्णतेने ओल आणि कीड दूर राहावी, हा हेतू होता.

बीज कोठे शोधावे? पहिले स्थान आठवडी बाजार. मे महिन्याच्या अखेरीस भाजीवाल्या बायका लहान पुरचुंड्यांतून काकडी, पडवळ, चिबूड, तांबडा माठ, भेंडी यांचे बी विकावयास आणतात. दर विचारण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत : हे बी कोणत्या वाडीतले, किती वर्षे घरात आहे, पावसाळ्याचे की वायंगणाचे, मांडवाचे की जमिनीवरचे. जिला उत्तरे ठाऊक आहेत तिच्याकडून घ्यावे. बी राखणे हे बहुतेक घरी स्त्रियांकडेच आहे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी बायफ संस्थेच्या साहाय्याने गावठी वाणांची बीजपेढी उभारली व २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली, हे सर्वांना ठाऊक आहेच. मात्र त्यांचे वाण सह्याद्रीच्या पूर्व बाजूचे. कोकणात आणताना आधी चार-दोन झाडांवर अनुभव घ्यावा. सुधारित वाणांसाठी दापोलीचे कृषी विद्यापीठ, व औषधी पिकांसाठी आणंदजवळील बोरियावी येथील औषधी व सुगंधी वनस्पती संशोधन संचालनालय ही विश्वसनीय स्थाने होत.

किराणा दुकानातील मेथी, धने, ओवा हेही पेरता येतात, कारण ते औषधप्रक्रिया न केलेले असतात. याच्या उलट मात्र कदापि करू नये. बियाण्याच्या दुकानातील गुलाबी वा निळ्या रंगाचे बी बुरशीनाशक लावलेले असते. ते चुकूनही चूर्णात वा काढ्यात जाता कामा नये. औषधालयाच्या मालकांनी पेरणीचे उरलेले बी भांडारात ठेवूच नये.

काही द्रव्ये बियांपासून लावणे युक्त नाही. गुळवेल खोडाच्या तुकड्यापासून लावावी, आणि तो तुकडा स्वतः ओळखलेल्या वेलाचाच असावा. टिनोस्पोरा क्रिस्पा ही वेगळी जाती गुळवेल म्हणून रोपवाटिकांतून फिरते. तिच्या खोडावर गाठीगाठी उठून दिसतात. यकृतावरील दुष्परिणामांचा वाद झाला तेव्हा आयुष मंत्रालयानेही या दोन जातींतील भेदाकडे लक्ष वेधले होते. कोकमाचे बी ताजेच पेरावे लागते, वाळवून ठेवल्यास मरते. शिवाय बियांपासून झालेल्या झाडांत सुमारे निम्मी नर निघतात. फळे हवी असल्यास कलम आणावे. कालमेघाचे ताजे बी काही महिने उगवत नाही, त्यामुळे हिवाळ्यात धरलेले बी पुढील पावसाळ्यातच पेरावे. बहाव्याच्या बियांचे कवच कठीण. ते खरखरीत दगडावर घासून रात्रभर कोमट पाण्यात ठेवावे. शंखपुष्पी, ब्राह्मी व रास्ना यांच्या बाबतीत प्रांतोप्रांती वेगळी झाडे याच नावांनी चालतात. तेव्हा बीज मागविताना केवळ संस्कृत नावावर विसंबू नये.

साठवणीचा शत्रू म्हणजे ओल. पावसाळ्यात कोकणातील हवेची आर्द्रता पाहता उघड्या डब्यातील बी गणपतीपर्यंतही टिकत नाही. बी सावलीत वाळवावे, नखाने दाबल्यास खूण उमटू नये इतके. मग घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत, तळाशी नुकतेच कोरडे भाजून निववलेले तांदूळ कापडात बांधून ठेवावेत, ते ओल शोषून घेतात. कडधान्यांना चाळलेली राख उत्तम. पेरणीपूर्वी वीस बिया ओल्या फडक्यात गुंडाळून आठवडाभर पाहाव्यात. बारापेक्षा कमी उगवल्यास दाट पेरावे, पाचपेक्षा कमी उगवल्यास ते बी टाकून द्यावे. सुरपालाच्या वृक्षायुर्वेदात दूध, शेण व विडंगाचे धूपन इत्यादी बीजसंस्कार सांगितले आहेत. १९९६ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले. ते करून पाहण्यासारखे आहेत, पण मेलेले बी त्याने उठणार नाही.

सभासदांनी आपसांत बी पाठविण्यास कायद्याची आडकाठी नाही. वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ याने शेतकऱ्याला आपले बी राखण्याचा, पेरण्याचा, वाटण्याचा व विकण्याचाही हक्क दिला आहे; संरक्षित वाणाचे बी त्या नावाने, छापील पाकिटातून विकण्यास तेवढी बंदी आहे. पाठविताना पुडीवर वनस्पतिशास्त्रीय नाव, गावातील नाव, गाव व तालुका, बी धरल्याचा महिना आणि वर्ष लिहावे. भोपळावर्गीय बी असल्यास 'हस्तपरागित' किंवा 'मुक्तपरागित' यांपैकी एक शब्द अवश्य लिहावा, आणि मुक्तपरागित बियांचे पहिले फळ चाखल्याखेरीज स्वयंपाकघरात जाऊ देऊ नये.