गाडी आली, चार्जिंग कधी येणार?
जळोचीच्या बाजारात रोज माल आणणाऱ्यांनी आणि रस्त्याकडेच्या ग्रामपंचायतींनी विचार करावा असा प्रश्न

जळोचीच्या बाजारात मागच्या आठवड्यात एका तरुण शेतकऱ्याने मला थांबवले. भेंडी आणि दोडक्याची पट्टी हातात होती. म्हणाला, "साहेब, बॅटरीवरची मालवाहू रिक्षा घ्यावी म्हणतोय. डिझेलचा खर्च परवडंना. पण वडील म्हणत्यात, वाटंत बंद पडली तर काय ढकलत आणणार व्हय? घ्यायची का न्हाई, तेवढं सांगा."

औषध कोणते मारू, खताचा डोस किती देऊ, हे प्रश्न आम्हाला रोजचे. गाडीचा प्रश्न नवीन होता. पण माल पिकवण्याइतकाच तो बाजारात पोचवण्याचा खर्च शेतकऱ्याच्या खिशाला लागतो. म्हणून या विषयाची थोडी माहिती गोळा केली. ती इतरांच्याही उपयोगी पडेल म्हणून येथे देत आहे.

दिव्याखाली अंधार

बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओचा कारखाना आहे. तेथे तयार होणारी तीनचाकी आपे आपल्या गावोगाव फिरते. याच कंपनीने डिसेंबर २०१९ मध्ये विजेवरची प्रवासी रिक्षा बाजारात आणली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये विजेवरची मालवाहू रिक्षा. म्हणजे गाडी आपल्या दारात तयार होते. ती चार्ज कुठे करायची, याचे उत्तर मात्र आपल्याच रस्त्यांवर शोधत फिरावे लागते.

पुणे-सोलापूर महामार्गावर काही हॉटेलांच्या आवारात आणि पेट्रोल पंपांवर चार्जिंगची यंत्रे दिसू लागली आहेत. महामार्ग सोडून आत वळले की चिंता सुरू होते. मध्यंतरी एका रस्त्याकडेच्या हॉटेलवर मुंबईकडचे एक कुटुंब गाडी लावून बसलेले पाहिले. मोबाईलवर दाखवलेले यंत्र प्रत्यक्षात बंद निघाले होते. शेवटी हॉटेलमालकाने स्वयंपाकघराच्या साध्या प्लगवर वायर जोडू दिली. लहान मुले पेंगुळलेली आणि गाडीत पुढचे गाव गाठण्यापुरती वीज भरायला तीन तास लागणार. पाहुण्याला गैरसोय होते ती एक दिवसाची. भाजीपाला घेऊन निघालेल्या शेतकऱ्याचे तसे नाही. त्याची गाडी अशी अडकली तर त्या दिवसाचा माल गेला.

कागदावर काय आहे?

सरकारने काहीच केले नाही असे म्हणता येणार नाही. चार्जिंग केंद्र काढायला वेगळा वीज परवाना लागत नाही, हे केंद्राने २०१८ मध्येच स्पष्ट केले. ऑक्टोबर २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत महामार्गाच्या दोन्ही बाजूंना दर २५ किलोमीटरला एक केंद्र असावे, असे म्हटले होते. सप्टेंबर २०२४ च्या नव्या सूचनांत हे अंतर २० किलोमीटरवर आणले. ट्रक-बससारख्या मोठ्या गाड्यांसाठी दर १०० किलोमीटरला केंद्र असावे, असेही त्यात आहे.

राज्याचे एक धोरण जुलै २०२१ मध्ये आले. त्यात चार मार्ग आधी तयार करायचे ठरले होते : मुंबई-पुणे, मुंबई-नाशिक, मुंबई-नागपूर आणि पुणे-नाशिक. आपला पुणे-सोलापूर मार्ग त्या यादीत नव्हता. मे २०२५ मध्ये जाहीर झालेल्या नव्या धोरणात मात्र राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांवर दर २५ किलोमीटरला सोय करण्याचे म्हटले आहे. हे धोरण मार्च २०३० पर्यंतचे आहे. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेतही चार्जिंग केंद्रांसाठी २,००० कोटी रुपये राखून ठेवले आहेत.

आता हे आपल्या भागाला लावून पाहू. भिगवण ते इंदापूर सुमारे ३५ किलोमीटर. बारामती ते भिगवण पंचवीसच्या आसपास. बारामती ते इंदापूर सुमारे ५०. हा शेवटचा रस्ता म्हणजे संत तुकाराम महाराज पालखी मार्ग. त्याच्या कामाचे भूमिपूजन ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाले. भवानीनगर, सणसर, बेलवाडी, लासुर्णे, निमगाव केतकी ही गावे याच रस्त्यावर आहेत. २५ किलोमीटरचा नियम धरला, तर बारामती आणि इंदापूर या दोन टोकांशिवाय मध्ये निदान एक केंद्र हवे. ते कोणत्या गावात होणार? ज्या गावाची जागा आणि कागद तयार असतील त्या गावात, असे माझे मत आहे.

महामार्गच कशाला?

चार्जिंग म्हटले की सर्वांच्या डोळ्यांपुढे महामार्ग येतो. शेतकऱ्याने जरा वेगळा विचार करावा. साध्या १५ अँपिअरच्या प्लगमधून तासाला साधारण तीन युनिट वीज गाडीत जाते. ३० युनिटची बॅटरी असलेली मोटार अशी भरायला दहा तास लागतात. ३० किलोवॉटचे जलद यंत्र तेच काम सुमारे तासाभरात करते, पण त्याची किंमत लाखांत जाते आणि त्याला रोहित्राची ताकदही तशीच लागते.

मालवाहू रिक्षाची बॅटरी मोटारीपेक्षा लहान असते. आणि जळोचीच्या बाजारात माल उतरवणे, लिलाव, वजन आणि पट्टी होईपर्यंत गाडी दोन-तीन तास उभीच असते. त्या वेळात साध्या प्लगवरही सहा ते नऊ युनिट वीज भरली जाईल. परतीचा प्रवास निर्धास्त होईल. म्हणून महागड्या जलद यंत्राची वाट पाहण्यापेक्षा जिथे गाड्या तशाही उभ्या राहतात तिथे मीटर लावलेले साधे प्लग आधी यावेत. बाजार आवार, दूध संकलन केंद्र, सोसायटीचे गोदाम, आठवडे बाजाराची जागा ही त्यासाठी योग्य ठिकाणे आहेत.

शेतीपंपाच्या लाइनवर गाडी लावू नका

येथे एक सावधगिरीची सूचना. मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना २०२४ पासून वीजबिल माफ आहे. तेव्हा "विहिरीवरच लावतो की गाडी" असे म्हणणारे भेटतात. तसे करू नये. ज्या कारणासाठी जोडणी मंजूर आहे त्याशिवाय वापर केला, तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते. वापर कधीपासून सुरू होता हे समजले नाही, तर ती मागील बारा महिन्यांची धरली जाते.

घरच्या मीटरवर स्वतःची गाडी चार्ज करायला हरकत नाही. मात्र आधी मंजूर भार पाहावा, लागल्यास वाढवून घ्यावा. अर्थिंग नीट करून घ्यावे, जाड वायरची वेगळी लाइन ओढावी आणि ब्रेकर बसवावा. कडब्याच्या गंजीशेजारी किंवा गोठ्यात गाडी चार्जिंगला लावू नये.

खरी अडचण वस्तीवर राहणाऱ्यांची आहे. गावठाणाच्या फीडरवर वीज बहुतेक वेळ असते. रानातल्या वस्तीवर मात्र सिंगल फेजचा दाब इतका कमी मिळतो की बल्ब मिणमिणतो. तेथे रात्रभर गाडी लावूनही सकाळी बॅटरी अर्धीच भरलेली असेल. अशांनी गाडी घेण्यापूर्वी आठवडाभर रात्रीच्या विजेची नोंद ठेवावी.

ग्रामपंचायतींना काय करता येईल?

मोठ्या गावांना एसटी आधी मिळाली. पण जिथे लोकांनी पाठपुरावा केला तिथे लहान गावातही ती आली, हा आपला अनुभव आहे. त्याच एसटीने १ जून २०२२ रोजी पुणे ते तेव्हाच्या अहमदनगर मार्गावर विजेवरची शिवाई बस सुरू केली. १ जून १९४८ रोजी पहिली एसटी याच मार्गावर धावली होती. चार्जिंगच्या बाबतीतही पाठपुरावा करणाऱ्या गावाचा नंबर आधी लागेल.

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि सोसायटीच्या संचालकांनी पुढील गोष्टींचा विचार करावा.

१) रस्त्यालगत ग्रामपंचायतीच्या मालकीची मोकळी जागा असेल, तर तिचा उतारा आणि मोजणी नकाशा काढून ठेवावा. ग्रामसभेत ठराव करून तो पंचायत समिती आणि महावितरणच्या उपविभागाकडे द्यावा.

२) सार्वजनिक जागा चार्जिंगसाठी दिल्यास युनिटमागे ठराविक हिस्सा जागामालक संस्थेला मिळावा, अशी पद्धत केंद्राच्या सूचनांत आहे. सरकारी संस्थेला जागा दिल्यास युनिटला एक रुपया, आणि खासगीला द्यायची तर एक रुपयापासून पुढे बोली. रक्कम मोठी नाही, पण पडीक जागेतून उत्पन्न सुरू होईल.

३) वीज जोडणीच्या मुदती फेब्रुवारी २०२४ मध्ये कमी झाल्या आहेत. अर्ज पूर्ण असल्यास नगरपालिका हद्दीत ७ दिवस आणि ग्रामीण भागात १५ दिवस. जळोची आता बारामती नगरपालिकेत असल्याने तिला ७ दिवसांची मुदत लागू होईल. नवीन लाइन किंवा रोहित्र लागणार असेल तर मुदत वेगळी, म्हणून त्याची चौकशी आधीच करावी.

४) खासगी शेतकऱ्याला महामार्गालगत केंद्र काढायचे असेल, तर रस्त्याला जोड देण्यासाठी महामार्ग प्राधिकरणाची परवानगी लागते. जमीन शेतीची असेल तर तिच्या वापराबाबत तहसील कार्यालयात आधी विचारावे.

५) "तुमच्या रानात चार्जिंग स्टेशन बसवतो, आधी अनामत भरा," असे फोन आले तर एक रुपयाही पाठवू नये. मोबाईल टॉवरच्या नावाखाली गावोगाव लोक असेच फसले आहेत.

केंद्र उभे राहिले म्हणजे काम संपले असेही नाही. यंत्र चालू ठेवणारा माणूस, सावली, पाणी, स्वच्छतागृह आणि रात्रीचा दिवा हवा. हिवाळ्यात भिगवणकडे रोहित पक्षी पाहायला पुण्या-मुंबईच्या गाड्या येतात. आषाढीला पालखी मार्गावर रीघ लागते. हे लोक तासभर थांबले तर चहा, हुरडा, पेरू, डाळिंब विकले जाईल. महिला बचत गटांना यात काम आहे.

मग गाडी घ्यायची का?

त्या तरुणाला मी कागदावर हिशेब मांडून दाखवला. त्याचे गाव जळोचीपासून १८ किलोमीटरवर. जाऊन-येऊन ३६. घर गावठाणात आहे, रात्री वीज असते. कंपनी सांगते त्यापेक्षा माल भरल्यावर गाडी कमीच चालणार, हे धरूनही रोजची फेरी आरामात होते. तेव्हा जळोचीसाठी गाडी घ्यायला हरकत नाही. पुण्याच्या गुलटेकडीला जायचे तर जाऊन-येऊन २०० किलोमीटरच्या वर होतात. त्यासाठी या गाडीवर अवलंबून राहू नये. तो माल पूर्वीसारखा चौघांनी मिळून टेम्पोने पाठवावा.

कर्ज काढण्यापूर्वी बॅटरीची हमी किती वर्षांची, दुरुस्ती बारामतीत होते का आणि बॅटरी बदलायला किती खर्च येईल, हे तीन प्रश्न विक्रेत्याला विचारून उत्तरे लिहून घ्यावीत. लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या मोटारवाल्यांनी सरकारच्या 'ईव्ही यात्रा' या सोयीवर केंद्र पाहावे. ती डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाली आहे. मात्र निघण्यापूर्वी फोन करून यंत्र चालू आहे याची खात्री करावी.

हिशेबाचा कागद घडी करून खिशात घालताना तो तरुण म्हणाला, "म्हंजे घरचा प्लग असंल तर गाडी आपली, न्हाईतर सरकारची वाट बघा." बोलणे चुकीचे नव्हते. महामार्गावरची केंद्रे आज ना उद्या होतील. पण बाजार आवारात आणि दूध केंद्रावर चार प्लग बसवायला २०३० ची वाट पाहण्याचे कारण नाही. पुढच्या ग्रामसभेत हा विषय कोणीतरी मांडावा.